बाबांच्या खिडकीतला कूलर

माझं वर्ध्यात कूलरचं दुकान आहे, हे आधीच सांगून टाकतो. त्याशिवाय पुढच्या प्रकरणात माझा मूर्खपणा किती अव्वल दर्जाचा होता ते लक्षात यायचं नाही. होळीपासून मृगापर्यंत मी कूलर बनवतो, विकतो, दुरुस्त करतो. उरलेलं वर्ष पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्यांवर निघतं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात कूलरवाल्याला जो भाव असतो तो डॉक्टरलाही नसतो. लोक रस्त्यात थांबवून तब्येत विचारतात आणि त्याच दमात पंपाचं विचारतात. अशी वीस वर्षं काढली की डोक्यात एकच गोष्ट पक्की बसते: जगात जे काही बिघडतं ते गरमीनं बिघडतं, आणि गार हवा दिली की सुधारतं. मग ती मोटर असो, दूध असो, की सासुरवाडीहून आलेला पाहुणा.

बाबा जिनिंगमध्ये फिटर होते. कापसातून सरकी वेगळी करणारे रेचे एकदा सुरू झाले की तिथे शेजारचा माणूस कानाशी येऊन ओरडला तरी ऐकू येत नाही. म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. हे कुणी शिकवत नाही. सहा महिन्यांत आपोआप येतं, आणि नाही आलं तर एखादं बोट जातं. बाबांची दहाही बोटं शेवटपर्यंत शाबूत होती, यावरून त्यांची विद्या समजावी. कान मात्र त्या रेच्यांनी हळूहळू खाल्ले.

माझी धाकटी बहीण शाळेला सुट्टी असली की त्यांचा डबा घेऊन जिनिंगमध्ये जायची. बाबा जेवत तोवर ती समोर बसून, त्या गदारोळात, नुसते ओठ हलवून सगळ्या गोष्टी सांगायची. पुढे घरीही दोघांचं तेच सुरू झालं. आई चुलीकडे तोंड करून बसलेली, मी पुस्तकात, आणि हे दोघं खोलीच्या दोन टोकांना बसून आवाज न करता आमच्या चुगल्या करताहेत. आई वळून म्हणायची, "मले समजते बरं सारं." तिला काही समजत नसे. मलाही नाही. मी दोनदा डबा घेऊन गेलो होतो. दोन्ही वेळा मी ओरडूनच बोललो, आणि दोन्ही वेळा बाबांनी मला हातानंच घरी जायला सांगितलं.

नव्वदच्या दशकात घरी फोन आला. त्यानंतर थोड्याच वर्षांत बहिणीचं लग्न झालं; ती आधी नागपूरला आणि मग नवऱ्याच्या नोकरीमागे थेट जर्मनीला गेली. तोवर बाबांना फोनवरचं काहीच ऐकू येईनासं झालं होतं. कानाचं मशीन आणलं, तर ते फोनजवळ नेलं की शिट्टी मारायचं. मग दुभाष्या म्हणून माझी नेमणूक झाली. बहीण तिकडून पाच मिनिटं बोलायची आणि मी रिसीव्हरवर हात ठेवून बाबांच्या कानाशी ओरडायचो, "बरी हाये म्हन्ते!"

"एवढंच बोलली?"

"थंडी लय हाये म्हन्ते!"

बाबा माझ्याकडे असे पाहायचे, जणू काही अर्धं सामान मी वाटेत उतरवून आलो. ते खोटंही नव्हतं. पाच मिनिटांचं बोलणं मी पाच शब्दांत बसवत असे, कारण एक तर मला ओरडायचा कंटाळा आणि दुसरं म्हणजे जेवण निवत असे. अशी कितीतरी वर्षं गेली. पत्रं यायची. बाबा चष्मा लावून वाचायचे, घडी करून उशाखाली ठेवायचे आणि म्हणायचे, "काय केलं ते लिवलं हिनं. कशी हाये ते नाई लिवलं."

दोन हजारचं दशक सरत आलं तेव्हा आमच्या वर्ध्यालगतच्या सिंदी मेघेच्या घरात वायफाय आलं. मुलीच्या अभ्यासाला घेतलेला कॉम्प्युटर ती नागपूरला होस्टेलवर गेल्यापासून बाबांच्या खोलीत कापड पांघरून बसला होता. बहिणीनं कुणाच्या तरी हाती कॅमेरा पाठवला. फोन आमच्या समोरच्या जाळी लावलेल्या छपरीत होता आणि बाबांच्या खोलीची मोठी खिडकी त्याच छपरीत उघडायची. लाइनमन आला, त्यानं फोनशेजारी वायफायची डबी ठेवली, कॉम्प्युटरला बोटाएवढी एक काडी खोचली आणि म्हणाला, "झालं भाऊ. आता वायर नाई, काई नाई. खिडकीतून हवेनंच येते."

हवेनं येतं म्हटल्यावर मला ते एकदम आपलं वाटलं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी, आमच्या पाच वाजता, पडद्यावर बहीण दिसली. ती मोठ्यानं "बाबा, ऐकू येते का?" म्हणाली. बाबांनी हातानं खूण केली, आवाज कशाला? तिच्या लक्षात आलं. तिनं आवाज बंद केला आणि ओठ हलवायला लागली. आणि बाबाही. पाऊण तास त्या खोलीत एक शब्द ऐकू आला नाही. मध्येच बाबा हसले. ते हसतात तेव्हा त्यांच्या घशातून चाक फिरल्यासारखा एक आवाज निघतो, हे मी साफ विसरून गेलो होतो. माझी बायको दारात कणकेचे हात घेऊन उभी होती. ती हळूच म्हणाली, "अवो, मामाजी किती बोलते हो! मले वाटलं होतं, यायले बोलणंच आवडत नाई."

तेव्हापासून रविवारचे पाच हे आमच्या घरातलं सणाचं टायमिंग झालं. बाबा चार वाजताच दाढी करून, धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसायचे. आख्खा हिवाळा एकही रविवार चुकला नाही.

मग होळी झाली आणि मी माझ्या धर्माला जागलो. बाबांचं वय झालेलं, उन्हाळा तापायला लागलेला. दुकानातला चांगला जाड पत्र्याचा कूलर आणला आणि छपरीत स्टँडवर चढवून त्यांच्या खिडकीत घट्ट बसवला. तीन बाजूंनी वाळ्याच्या ताट्या, खाली भरपूर पाण्याची टाकी. बाबा त्या रात्री गाढ झोपले आणि मी स्वतःवर खूश झालो.

त्याच रविवारी पडदा अडकला. बहिणीचे ओठ हलायचे, थांबायचे, चौकडे चौकडे व्हायचे आणि मग एकदम तीन वाक्यं पुढे जायचे. कानानं ऐकणाऱ्या माणसाचं अशा वेळी निभावतं. चित्र अडकलं तरी आवाज कसाबसा येतो. बाबांना तर चित्र हाच आवाज. ते पुढे वाकून वाकून पाहायचे आणि माझ्याकडे वळायचे, "काय म्हन्लं हिनं?" ती पडद्यावरून नुसत्या ओठांनी बोलत असायची, आणि त्यात मी तर निरक्षर.

मी दुरुस्तीला लागलो. मी दुरुस्ती म्हणतो. बायकोचा शब्द वेगळा होता. पहिल्यांदा डबी बंद करून दहा आकडे मोजून पुन्हा सुरू केली. मग वीस मोजले. मग बायकोनं फोनवर आणि डबीवर घालायला विणलेलं क्रोशाचं झाकण काढलं, म्हणून दोन दिवस अबोला सोसला. मग लाइनमनला बोलावलं. त्यानं छपरीत उभं राहून आपला लॅपटॉप वायरनं डबीला लावला आणि म्हणाला, "लाइन तर फस्क्लास हाये भाऊ तुमची."

"मग आत काऊन नाई येत?"

"आत पाहा लागन." त्यानं आत पाहिलं, काडी काढली, फुंकली, खोचली, कूलरसमोर पाच मिनिटं उभा राहिला. "आहाहा. हे तुमच्याच दुकानातलं का?" मी म्हटलं, हो. मग आम्ही पंपाविषयी बोलत बसलो आणि वायफाय राहून गेलं. असा तो चार वेळा आला. चारही वेळा कूलरची तारीफ करून गेला. मी मनात म्हणायचो, ह्याला काही येत नाही. त्याच्या सभ्यपणाला आज हात जोडतो. माझ्या तोंडावरची नाराजी त्याला दिसत होती, तरी पाचव्यांदा बोलावल्यावर "येतो भाऊ" एवढंच म्हणाला.

कुणीतरी सांगितलं की शेजारी वायफाय चोरतात. आमच्या शेजारी एकच घर, निवृत्त भूगोलाच्या मास्तरांचं. मी आडून आडून विचारायला गेलो. मास्तरांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमचं काहीतरी माझ्याकडे आलं, असं म्हणणं आहे?"

"नाई नाई सर, चुकून येऊन राह्यलं असन तर."

"आलं असतं तर परत केलं असतं. माझ्याकडे कॉम्प्युटर नाही." आणि मग रागवायच्या ऐवजी त्यांना या प्रश्नात रस वाटू लागला. डबीला एक कानासारखी दांडी होती, ती कोणत्या दिशेला आहे म्हणाले. मी म्हटलं, दिशेचं काय? त्यांनी नकाशाचं पुस्तक काढलं, वर्ध्यावर पट्टी ठेवली आणि जाहीर केलं, "जर्मनी आपल्या वायव्येला." त्या शनिवारी आम्ही दोघांनी मिळून ती दांडी वायव्येला वळवली. मास्तरांनी सूर्य पाहून खात्री करून घेतली.

आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, चित्र पाण्यासारखं वाहिलं! बाबा तासभर बोलले. मी मास्तरांच्या घरी पेढे नेऊन दिले. दुकानात येईल त्याला मी दिशेचं शास्त्र सांगत सुटलो.

आता त्याच शनिवारी संध्याकाळी आणखी एक गोष्ट झाली होती, ती मला तेव्हा गोष्टच वाटली नाही. देवळीचं एक जुनं गिऱ्हाईक आलं होतं. घरी लग्न, पाहुणे उतरलेले आणि दुकानात तयार कूलर एकही नाही. आमच्या धंद्यात अशा वेळी 'नाही' म्हणत नाहीत. घरचा कूलर काढून देतात. आमच्या लग्नाला जितकी वर्षं झाली तितके कूलर माझ्या बायकोच्या खिडकीतून असेच निघून गेले आहेत. "गिऱ्हाईकाचे पाहुने थंडे राह्यले पाहिजे, घरचे उकडले तरी चालते," हे तिचं ठरलेलं वाक्य. तर त्या शनिवारी बाबांच्या खिडकीतला कूलर देवळीला गेला. मला फार अपराधी वाटलं. म्हणून सोमवारी मी त्या जागी त्याहून मोठा आणून बसवला: सगळ्यात जाड पत्रा, सगळ्यात मोठी टाकी, खिडकी इकडून तिकडे पूर्ण बंद.

पुढच्या रविवारी बहीण दिसली ती जेमतेम. दोन शब्द बोलली आणि अडकली. आणि अडकली ती अशी, की डोळे मिटलेले, तोंड वाकडं, हात गालाशी. तसंच चित्र दोन मिनिटं राहिलं आणि पडदा काळा झाला.

बाबा म्हणाले, "रडून राह्यली ते."

"नाई हो बाबा, चित्र अटकलं. शिंकत असन."

"मले नको सांगू." त्यांनी मान हलवली. "ते लहान होती तवापासून मी तिचं तोंड वाचून राह्यलो. रडून राह्यली."

मी फोन लावला. बहीण म्हणाली, "काही नाही रे दादा, मी मजेत आहे. नेट अडकलं." मी बाबांच्या कानाशी ओरडलो, "मजेत हाये म्हन्ते!" बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते सदऱ्याची बटणं काढायला लागले. त्या आठवड्यात ते नीट जेवले नाहीत. विचारलं तर म्हणायचे, "मले तिच्या तोंडाकडं पाहू दे एकदा. मग जेवतो." त्यांना बहिणीचा निरोप नको होता. त्यांना स्वतः तिला विचारायचं होतं, आणि तिच्या ओठांवरून उत्तर घ्यायचं होतं. मध्ये माझं ओरडणं नको होतं.

मी दांडी पुन्हा तपासली. वायव्यच. मग डबीला हात लावून पाहिला, तर ती तापलेली. बस! माझ्या डोक्यात वीस वर्षांचा अनुभव एकदम जागा झाला. दुकानात मोटर गरम झाली की काय होतं? मंद फिरते. बिचारी डबी वैशाखात दिवसभर छपरीत तापतेय, ती तिकडची माणसं आणणार कशी? मी फोनची वायर लांबवली, एक स्टूल घेतलं आणि डबी कूलरच्या अगदी मागे, ओल्या ताटीला टेकवून ठेवली. कूलर मागून हवा ओढतो, तेव्हा सगळी हवा डबीवरून जाणार. अशी जागा माझ्याशिवाय कुणाला सुचली नसती, असं मी म्हणालो. ते खरंच ठरलं.

बायको भाजी निवडत पाहत होती. "अवो, त्याले कूलरच्या मांग कायले दडवून राह्यले?"

"दडवून नाई, थंडं करून राह्यलो."

"पण ते हवेनं येते म्हणे ना खिडकीतून? खिडकीत तर तुमचं धूड बसलं हाये."

मी तिला समजावून सांगितलं. पंधरा मिनिटं सांगितलं. मोटर, गरमी, वाऱ्याचा ओढा, सगळं. ती शेवटी म्हणाली, "तुमी म्हन्ता तर असन बाप्पा," आणि शेंगा उचलून आत गेली. असं वाक्य आमच्या घरात पराभवाचं नसतं, पण ते मला नेहमी उशिरा कळतं.

पुढचा रविवार नवतप्यातला, उन्हाळ्याच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांतला, होता. छपरीची जाळी हाताला चटका देत होती. बाबा चार वाजता दाढी करून बसले. पाच वाजले. घंटी वाजली, नाव दिसलं, गोल गोल फिरणारं चिन्ह आलं आणि फिरतच राहिलं. सव्वापाच. मी बंद केलं, सुरू केलं. एकदा अर्धा चेहरा आला, फक्त कपाळ. बाबा त्या कपाळाकडे पाहत बसले. मग ते खुर्चीच्या दांड्यांवर हात टेकून उठायला लागले.

"राहू दे," म्हणाले. "पुढल्या रविवारपासून नको लावू. मले जमत नाई हे."

ते असं म्हणतील याची मला सगळ्यात भीती होती. कारण बाबा एकदा राहू दे म्हणाले की राहतं. जिनिंग सोडली तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते.

तेवढ्यात बायको आली. तिनं हात पुसले, बाबांच्या खांद्याला धरून त्यांना परत बसवलं आणि माझ्याकडे वळली. "मले एक सांगा. जवा एक डाव चांगलं दिसलं होतं, तवा कूलर कुठी होता?"

"कुठी म्हणजे?"

"देवळीले होता ना! त्या लग्नात! आन् हिवाळाभर चांगलं दिसत होतं, तवा कुठी होता? दुकानात! तुमाले एवढं बी नाई समजत? काढा हे धूड इथून!"

मी तोंड उघडलं. मोटर, गरमी, ओढा, सगळं ओठांवर आलं, आणि पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की माझ्या त्या शास्त्रात लोखंड आणि पाणी कुठेच नाही. खिडकीतून जे यायचं त्याच्या वाटेत मी एक जाड पत्र्याची पेटी पाण्यानं भरून उभी केली होती. ते कमी पडलं म्हणून डबी तिच्या मागे नेऊन ठेवली होती.

पण भरलेला कूलर हलत नाही. मी टाकीचं बूच काढायला वाकलो. आमच्या दुकानाची ख्याती अशी, की आमचं बूच कधी गळत नाही. त्या दिवशी ते निघालंही नाही. मग बायकोनं बादली आणली, मी ताटी उपसून काढली आणि आम्ही लोट्यालोट्यानं पाणी बाहेर फेकायला लागलो. आवाज ऐकून मास्तर जाळीशी आले.

"काय झालं? दिशा बदलली का?"

"सर, दिशा राहू द्या, इकडून धरा!"

निवृत्त माणूस, इस्त्रीचा पायजमा, पण त्यांनी एक प्रश्न न विचारता पायजमा गुडघ्यापर्यंत ओढला आणि स्टँडचा पाय धरला. ज्याच्यावर मी चोरीचा संशय घेतला होता तो माणूस त्या उन्हात, पायाखालच्या चिखलात, माझ्याबरोबर कण्हत होता. "एक, दोन, तीन" म्हणत आम्ही तिघांनी ओढलं. स्टँड फरशीवर किंचाळलं. कूलर खिडकीतून वीतभर सरकला, मग हातभर.

आतून बाबांचा आवाज आला. शब्द नव्हता. नुसतं "हां!"

मी ओल्या पायांनी आत धावलो. पडद्यावर बहीण होती, पूर्ण, कपाळापासून हनुवटीपर्यंत, आणि तिचे ओठ हलत होते. सलग. बाबा पुढे झुकले होते आणि त्यांनी विचारलं. काय विचारलं ते मला कळलं नाही, पण बहिणीचे ओठ थांबले. या वेळी नेटमुळे नाही. तिनं एकदा मागे पाहिलं, खुर्ची पुढे ओढली आणि बोलायला लागली. हळूहळू, पुष्कळ वेळ. मध्ये तिनं डोळे पुसले, आणि तो हात वर जाताना आणि खाली येताना आम्हाला नीट दिसला. बाबा मान हलवत होते. मग ते बोलले. जिनिंगमध्ये माणसं बोलतात तसे, तोंड मोठं उघडून, एकेक शब्द घडवून.

खोली भट्टी झाली होती. खिडकीतून गरम वाफ सरळ आत येत होती. बाबांच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरायला लागला आणि ते डोळे मिचकावू लागले, तशी बायकोनं मला कोपरानं ढोसलं. "पुसा ना! त्याईले दिसून नाई राह्यलं!" मी एका हातानं पंच्यानं त्यांचं कपाळ टिपत होतो आणि दुसऱ्या हातानं कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा हलवत होतो. मास्तर दाराशी उभे होते. त्यांनी एकदा पडद्याकडे पाहिलं आणि मान वळवून बाहेर छपरीत जाऊन बसले. असा शेजार मिळायला नशीब लागतं.

सहा वाजून गेल्यावर बाबांनी पडद्याला हात केला आणि खुर्चीत मागे टेकले. सदरा पाठीला चिकटला होता. मी त्यांच्या कानाशी वाकून ओरडलो, "काय म्हन्लं तिनं?"

"तुले सांगाचं असतं तर आवाजानं बोलली असती," बाबा म्हणाले.

मला लागलं नाही, असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण त्याहून मोठं काहीतरी वाटलं, आणि त्याला आभार सोडून दुसरा शब्द मला अजून सापडलेला नाही. माझी बहीण इतकी वर्षं मला 'मजेत आहे' सांगत होती, कारण मी तेवढंच ऐकत होतो. तिला जे सांगायचं होतं त्याला घेणारा एकच माणूस होता, आणि तो आमच्याच घरात, छपरीलगतच्या खोलीत दाढी करून तयार बसला होता. ती काय बोलली हे आजही मला माहीत नाही. बाबा गेले, तरी मी तिला विचारलेलं नाही. त्यानंतर ती फोनवर 'मजेत आहे' म्हणाली की मी दोन मिनिटं जास्त थांबतो, एवढं शिकलो.

दुसऱ्या दिवशी मी लाइनमनला फोन केला आणि सगळं खरं सांगितलं. तो पलीकडून इतका हसला की मला फोन कानापासून दूर धरावा लागला. मग म्हणाला, "भाऊ, मले का माहीत? मी तर हवा खात उभा राहो." चार दिवसांनी येऊन त्यानं फोनची लाइनच बाबांच्या खोलीत नेली, डबी कॉम्प्युटरशेजारी ठेवली आणि चहा घेऊन गेला. कूलर पुन्हा खिडकीत बसला. बाबांना त्यानंतर पुष्कळ रविवार मिळाले. ते मोजले नाहीत, पण एकेकासाठी बायकोचे, मास्तरांचे आणि त्या लाइनमनचे उपकार मानतो.

त्या रविवारी मात्र कूलर छपरीतच आडवा पडून होता. बाबांनी पंचा माझ्या हातातून घेतला, स्वतः मान पुसली आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "सूनबाई, काय केलं जेवाले? मले भूक लागली." बायकोनं आतून सांगितलं, "मामाजी, फोडणीचं वरन अन् पोळ्या!" त्यांना ते ऐकू आलं नाही. ती दारात आली, त्यांच्या समोर उभी राहिली आणि पुन्हा म्हणाली, या वेळी आवाज न काढता, ओठ मोठे करून. तिला हे कधी जमायला लागलं होतं कोण जाणे. बाबांनी वाचलं, मान हलवली आणि म्हणाले, "आन मग."